ठोकळ्याची वेळ

मित्रांनो, तुम्ही या खोलीत आलात तेव्हा दार आपटले नाही, हे तुमच्या लक्षातही आले नसेल. जरा खाली बघा. दाराखालच्या फटीत तिरका खुपसलेला, एक कोपरा उडालेला, अंगावर पिवळ्या रंगाचे चार पोपडे उरलेला जो लाकडाचा तुकडा दिसतो, तो मी. मी एक जुना ठोकळा आहे. ठोकळा म्हटले की लोकांना मठ्ठ माणूस आठवतो. आठवू द्या. पण एके काळी याच ठोकळ्याच्या भरवशावर वीस-वीस टनांची विमाने निवांत उभी राहत आणि त्यांचे भाडे माझ्यावरून ठरत असे. आता मी दार धरतो.

खरे सांगायचे तर मला बोलायचाही कंटाळा येतो. पण आज या खोलीत पुन्हा एका नव्या विमान कंपनीचा माणूस येऊन बसला आहे. टेबलावर पुन्हा तेच बोलणे सुरू आहे: इतके कमी करा, तितके सोडून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. हे बोलणे मला तोंडपाठ झाले आहे. ते ऐकत पडून राहण्यापेक्षा तुम्हाला माझी गोष्ट सांगितलेली बरी.

हा विमानतळ लहान आहे. एक धावपट्टी, एक मनोरा, एक बैठी इमारत आणि समोर विमाने उभी करायचे काँक्रीटचे आवार. धावपट्टीसाठी जी झाडे तोडली त्यांपैकी एका कठीण लाकडाच्या झाडातून आमचा जन्म झाला. विमानतळाच्या सुताराने एकाच ओंडक्यातून दोन ठोकळे कापले, चाक नीट टेकावे म्हणून प्रत्येकाची एक बाजू उतरती तासली, पिवळा रंग दिला आणि हातभर दोराने दोघांना बांधले. एक मी, दुसरा माझा जुळा भाऊ. विमान येऊन थांबले की एक चाकाच्या पुढे, एक चाकाच्या मागे. आमचे काम एवढेच. चाक मोठे, आम्ही लहान. पण आम्ही असताना चाक हलत नसे.

आम्हाला लावणाऱ्या माणसाला सगळे दादा म्हणत. मनोऱ्यातली माणसे, अग्निशमनवाले, वैमानिक, अगदी त्याच्याहून वयाने मोठा सुतारसुद्धा. याचे कारण त्याची धाकटी बहीण. ती याच विमानतळाच्या कार्यालयात कामाला होती आणि आवाराच्या कडेला उभी राहून "दादाऽऽ" अशी हाक मारायची. विमानाच्या घरघरीवर मात करणारी ती हाक ऐकून ऐकून तो सगळ्यांचाच दादा झाला. तिला कार्यालयात ताई म्हणत. फक्त दादा तिला ताई म्हणत नसे. तो तिला "ए बाई" म्हणायचा.

दादाची एक रीत होती. विमान थांबले, पंखे थांबले की तो वाकून मला चाकाला अगदी घट्ट भिडवायचा. मग पायाने दोनदा टकटक करायचा. मग वैमानिकाला दिसेल असा समोर उभा राहून दोन्ही हात वर करायचा, मुठी वळायचा, अंगठे आतल्या बाजूला. याचा अर्थ, ठोकळा लागला. ती खूण दिसली की वैमानिक ब्रेक सोडून द्यायचा. कारण उतरताना ब्रेक तापून लाल झालेले असतात, त्यांना थंड व्हायला मोकळे सोडावे लागते. म्हणजे बघा, त्यानंतर सगळे विमान फक्त माझ्या आणि माझ्या भावाच्या जिवावर उभे असे. निघताना पुन्हा खूण, या वेळी अंगठे बाहेरच्या बाजूला. वैमानिकाने ब्रेक लावल्याचे कळवले की मगच दादा दोर ओढायचा.

आणि मग तो खिशातली वही काढून वेळ लिहायचा. लागला अमुक वाजता, काढला तमुक वाजता. आयुष्यात त्याने एक मिनिट इकडचे तिकडे केले नाही. घड्याळात दहा वाजून तीन मिनिटे झाली असतील तर दहा वाजून तीनच. वैमानिक थट्टा करायचे, "दादा, पाच लिहा की, बरं दिसतं!" दादा मान हलवायचा. "बरं दिसायला मी काय नवरी सजवतोय का?"

ती वही संध्याकाळी ताईकडे जायची. ताई विमानांकडून घ्यायचे आकार, म्हणजे शुल्क, ठरवणारी बाई होती. विमानतळ काही फुकट वापरायला मिळत नाही, मित्रांनो. विमान उतरले की त्याच्या वजनाप्रमाणे शुल्क. किती माणसे चढली-उतरली त्याप्रमाणे माणशी आकार. आणि विमान किती वेळ उभे राहिले त्याप्रमाणे थांब्याचे भाडे. पहिले दोन तास मोफत. दोन तासांवर एक मिनिट जरी झाले तरी भाडे पहिल्या मिनिटापासून. आणि ही वेळ मोजायची ती ठोकळा लागल्यापासून ठोकळा काढेपर्यंत. दरपत्रकात छापलेलेच होते तसे: 'ठोकळ्याची वेळ ग्राह्य धरली जाईल.' छापील कागदावर आपले नाव! माझी छाती किती फुगली असेल याची कल्पना करा. त्या दिवसांत मला वाटायचे, हा सारा विमानतळ माझ्यावरच चालतो. आता त्या फुशारकीची लाज वाटते.

चांगली वर्षे लवकर सरली. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी एक बुडाली, दुसरी मोठ्या शहराकडे निघून गेली. पाच महिने एकही विमान आले नाही. मी आणि माझा भाऊ काँक्रीटवर ऊन खात पडून होतो. दादा रोज येऊन आम्हाला झटकायचा आणि आवार झाडून घरी जायचा. चाळीस माणसे कामावर होती आणि कोणाला काम नव्हते. वरून पत्र आले की वर्षभरात विमान आले नाही तर विमानतळाला कुलूप लागेल.

तेव्हा ताईने एक कंपनी शोधून आणली. त्या कंपनीच्या वतीने बोलायला जे गृहस्थ आले त्यांचे नाव आमच्याकडे दोन दिवसांत निम्मेसाहेब पडले. काहीही सांगा, ते म्हणायचे, "निम्मं करा ना." उतरण्याचे शुल्क निम्मे करा, माणशी आकार निम्मा करा, काउंटरचे भाडे निम्मे करा. चहासुद्धा अर्धा कपच घ्यायचे. हसरा, गोड बोलणारा माणूस. पण डोळ्यांखाली काळी वर्तुळे, आणि दर दहा मिनिटांनी खिशातला फोन थरथरायचा. वरून विचारणा व्हायची, किती कमी झाले?

या बोलण्याची हकिगत मला ताईच्या तोंडूनच कळली. दुपारी ती डबा घेऊन आवारात यायची आणि शिडीच्या सावलीत दादाशेजारी बसायची. आम्ही दोघे भाऊ जवळच पडलेले असायचो.

"आज काय मागितलं निम्म्यानं?" दादा विचारायचा.

"काय नाही मागितलं ते विचार. शेजारच्या गावच्या विमानतळाचं पत्र घेऊन आला होता. ते म्हणे पहिलं वर्ष पूर्ण फुकट देतायत."

"खरं असेल का ते?"

"अर्धं खरं असेल. त्याचं सगळंच अर्धं असतं." ताई हसली, पण हसताना तिचा घास हातातच राहिला. "बोट दिलं तर मनगट धरणारी माणसं आहेत दादा ही. पण नाही दिलं तर आपलं काय? अडला हरी..."

"गाढवाचे पाय धरी," दादाने पुरे केले. "जेव आधी."

तीन आठवडे घासाघीस चालली. ताईने हिशेब मांडला होता तो असा: विमान आले तर माणसे येतील, माणसे आली तर दुकाने चालतील, बाहेर गाड्यांचा तळ भरेल, म्हणून उतरण्याच्या शुल्कात हात सैल सोडायला हरकत नाही. तिने पहिल्या वर्षी त्यात मोठी सवलत दिली, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी पाव. रोजचे एक उड्डाण चुकवले नाही तर माणशी आकारातही सूट. बदल्यात तिने तीन वर्षांचा शब्द लिहून घेतला. पण कंपनीनेही एक कलम घुसवलेच. दर फेरीचा सगळा खर्च अमुक रकमेवर गेला, आणि असे सलग सहा महिने झाले, तर कंपनी करार मोडायला मोकळी.

एका गोष्टीवर मात्र ताई अडून बसली. थांब्याचे भाडे. त्यात एका पैशाची सवलत नाही.

"का गं एवढी हटून बसलीस त्यावर?" दादाने विचारले.

"सगळ्यात थोडंफार खोटं चालतं. वजन कागदावरचं, माणसांची संख्या त्यांनी दिलेली. पण ठोकळ्याची वेळ माझ्या दादानं लिहिलेली असते. तिच्यावर कुणी घासाघीस केलेली मला नाही आवडत."

त्या दिवशी दादाने मला आणि माझ्या भावाला नव्याने पिवळा रंग दिला.

विमान सुरू झाले. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला उतरायचे आणि बाराच्या आत निघायचे असे ठरले होते. पण पलीकडचे मोठे शहर गजबजलेले. तिथे उतरायला जागा मिळेपर्यंत आमच्याकडून निघता येत नसे. मग विमान इथेच ताटकळायचे. कधी दोन तास पाच मिनिटे, कधी दोन तास बारा. दोन तासांवर काटा गेला की पहिल्या मिनिटापासूनचे भाडे. एक दिवस, दोन दिवस, महिन्यातून पंधरा दिवस. चौथ्या महिन्यात ताई डबा न उघडताच बसून राहिली.

"खर्च कलमाच्या वर जातोय," ती म्हणाली. "थांब्याच्या भाड्यामुळेच. आणखी दोन महिने असंच चाललं की ते गाशा गुंडाळतील. आणि सगळे म्हणतील, बाईचा हट्ट नडला."

"मग सोड ना हट्ट."

"आता सोडला तर निम्मा म्हणेल, ही वाकते. मग उद्या काय काय मागेल?" तिने दादाकडे पाहिले. "चाळीस घरं आहेत दादा. मी त्यांना शब्द दिलाय."

त्याच आठवड्यात निम्मेसाहेब पाहणीला आवारात आले. दादाच्या शेजारी उभे राहून विमानाकडे बघत राहिले. मग घड्याळ बघून हळूच म्हणाले, "दादा, दोन तास व्हायला चार मिनिटं राहिली की तुमच्या हातात केवढं असतं, नाही का?" एवढेच. अर्धेच बोलले, नेहमीसारखे. उरलेले अर्धे दादाच्या डोक्यात बसले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून छप्पन्न मिनिटांनी दादा माझ्याजवळ आला. विमान अजून निघणार नव्हते, प्रवासी आत बसलेही नव्हते. त्याने वही काढली. पेन्सिल टेकवली. आणि तसाच थांबला.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी चूक इथेच आहे. एखाद्या लबाड माणसाने वहीत छप्पन्न लिहिले असते आणि मला चाकाखाली तसेच राहू दिले असते. कुणाला कळलेही नसते, कुणाचे काही बिघडलेही नसते. पण दादाच्या हातून खोटी वेळ लिहिली जात नव्हती. पेन्सिल उमटेचना. म्हणून त्याने वही खिशात ठेवली, वाकला, दोर ओढला आणि आम्हा दोघांना खरोखर बाहेर काढले. मग लिहिले, काढला, अकरा छप्पन्न. आता ते खरे होते.

त्या दिवशी त्याने वैमानिकाला खूण केली होती, अंगठे बाहेर. वैमानिकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण ब्रेक लावला. तिसऱ्या-चौथ्या वेळी वैमानिकाने खिडकीतून विचारलेच, "अहो, अजून वेळ आहे, ठोकळा कशाला काढताय?" दादा दोर गुंडाळू लागला. त्यानंतर त्याने खूण करणे सोडले. गुपचूप दोर ओढायचा, आम्हाला चाकाच्या वाटेतून वीतभर बाजूला ठेवायचा आणि स्वतः तिथेच उभा राहायचा, जणू तोच ठोकळा. टकटक नाही, मुठी नाहीत, काही नाही. जमीन सपाट वाटे. दीड महिना काही झाले नाही. ताईच्या हिशेबात खर्च कलमाच्या खाली आला आणि ती पुन्हा पोटभर जेवू लागली. "बघ, गाडी आली की नाही रुळावर!" ती म्हणायची. दादा मान खाली घालून घास चावत राहायचा. मी तिथेच पडून होतो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

जमीन सपाट नव्हती. आवारातले पाणी वाहून जावे म्हणून काँक्रीटला हलकासा उतार दिलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, चाकाला कळतो. त्या दुपारी मागून वारा सुटला होता. मी चाकापासून वीतभर दूर होतो. आत वैमानिक कागद वाचत होता. त्याच्या समजुतीने मी जागेवर होतो आणि ब्रेक थंड होत होते. प्रवासी शिडी चढू लागले. वरच्या पायरीवर एक म्हातारी बाई होती. तिचा एक पाय शिडीवर आणि दुसरा विमानाच्या दारात असताना विमान हलले.

जोरात नाही. गाय कूस बदलते तसे. शिडी आणि दार यांच्यामध्ये फट पडली आणि म्हातारी मध्येच लोंबकळली. मागच्या माणसाने तिची काख धरली, कोणीतरी किंचाळले. दादाने मला उचलले आणि चाकापुढे फेकले नाही, सारले. आपल्या हाताने, अगदी घट्ट, जसे तो नेहमी भिडवायचा तसे. चाक माझ्यावर आले. माझा एक कोपरा कडाडून उडाला. पण मी तसाच राहिलो आणि चाक थांबले. दादाचा उजवा हात मात्र वेळेत मागे आला नाही. त्याची दोन बोटे माझ्या आणि काँक्रीटच्या मध्ये होती.

इतकी वर्षे मी टनांनी वजन सोसले. तेवढे जड मला काहीच लागले नव्हते.

म्हातारी बचावली. गुडघा खरचटला, एक चप्पल खाली पडली. दादाची दोन बोटे डॉक्टरांना वाचवता आली नाहीत.

तिसऱ्या दिवशी ताई आवारात आली. हातात दादाची वही होती. हात बांधलेला दादा शिडीच्या सावलीत बसला होता. त्याला घरी बसवत नव्हते. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"विमान हललं बारा वाजून चार मिनिटांनी. वहीत ठोकळा काढला अकरा छप्पन्नला. आणि मागे दीड महिना रोज अकरा छप्पन्न, नाहीतर सत्तावन्न. हे काय आहे दादा?"

"खरं आहे ते. त्याच वेळी काढला मी."

"का?"

"तुझा शब्द राहावा म्हणून."

ताई खाली बसली. ती वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवत होती. मग तिचा बांध फुटला. "अरे, खोटं लिहिलं असतंस तर काय झालं असतं रे! एकदा खोटं लिहायचं होतंस. तुझा हात तरी राहिला असता."

"नाही जमलं गं बाई," दादा म्हणाला.

चौकशी झाली. दादाने काही लपवले नाही, निम्मेसाहेबांचे नावही घेतले नाही. म्हणाला, मला कुणी सांगितले नव्हते. त्याला आवारातून काढून भांडारात बसवले, आणि सहा महिन्यांनी तो निवृत्त झाला. निरोप समारंभ झाला नाही. तीस वर्षे ज्याच्या खुणेवर वैमानिकांनी डोळे मिटून ब्रेक सोडले, त्याला जाताना कोणी हात मिळवला नाही. हात पुढे करताना तोही संकोचत होता.

आणि मी? लाकडी ठोकळे बाद झाले, रबरी आले. मला आणि माझ्या भावाला बांधणारा दोर सुताराने कापला. भाऊ कुठल्याशा गोदामात कपाटाच्या मोडक्या पायाखाली गेला असे ऐकले. पुन्हा भेट नाही.

मला मात्र ताईने या खोलीत आणले. चौकशीनंतरची पहिली बैठक होती. निम्मेसाहेब आले, पण हसरे नव्हते. ताईने मला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर कागदांच्या मधोमध ठेवले. माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर अजून काळपट डाग होता. निम्मेसाहेबांनी तो पाहिला आणि नजर वळवली.

"ओळखता ना याला?" ताई म्हणाली. "पाहणीच्या दिवशी तुम्ही दादाशेजारी उभे होतात. काय बोललात ते दादानं मला सांगितलेलं नाही. विचारतही नाही. चूक तुमच्याआधी माझी आहे. ठोकळा काढला की पैसे वाचतात, असा नियम मी ठेवला. असा नियम असला की कधी ना कधी कुणीतरी ठोकळा काढणारच. माणूस जितका सरळ, तितका खरोखर काढणार."

निम्मेसाहेबांचा फोन थरथरला. त्यांनी तो पालथा घातला.

"आजपासून ठोकळ्याची वेळ बिलात नाही," ताई म्हणाली. "विमान उतरल्याची आणि उडाल्याची वेळ मनोरा लिहितो, तीच धरायची. आणि पहिले तीन तास मोफत. तुम्ही ताटकळता ते तुमच्या हातात नसतं, हे मला आधीच कळायला हवं होतं. पण त्याच्या बदल्यात दुसऱ्या वर्षीची उतरण्याची सवलत निम्मी नाही, पाव."

मला वाटले, आता ते म्हणणार, निम्मी करा. त्यांनी कपातला चहा संपवला. पूर्ण. "मान्य," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दादांचा हात कसा आहे?"

"तुम्हीच जाऊन विचारा," ताई म्हणाली. ते गेले की नाही, मला माहीत नाही.

नव्या दरपत्रकातून माझे नाव गेले. त्या दिवसापासून ठोकळा हा फक्त ठोकळा झाला. वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. नाही वाटले. ते आधीच व्हायला हवे होते.

पुढे काय झाले ते सांगण्यात फारशी गंमत नाही. कंपनीने तीन वर्षे पुरी केली आणि सवलत संपली त्याच महिन्यात ती निघून गेली. गरज सरो, वैद्य मरो. मग दुसरी आली. तिनेही सवलत असेतो संसार केला. आज तिसरीचा माणूस समोर बसला आहे. तरुण आहे, भराभर बोलतो, शेजारच्या विमानतळाचे पत्र याच्याही बॅगेत आहे. ताईचे केस आता पिकले आहेत. ती शांतपणे ऐकते, उतरण्याच्या शुल्कात सवलत देते, माणशी आकारात देते. मघाशी तो म्हणाला, "मग सुरक्षेच्या माणसांत थोडी काटछाट केली तर? तिथेही तुमचा खर्च वाचेल, आमचाही दर उतरेल." ताईने दाराकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिले. "तिथे नाही," ती म्हणाली आणि पुढचे पान उलटले.

कधी कधी दुपारी दादा डबा घेऊन येतो. आता तो आणतो, ती खाते. आत येताना दारात थांबतो आणि मला पायाने दोनदा टकटक करतो. मग ताईकडे बघून दोन्ही हात वर करतो, मुठी वळतो. उजवी मूठ नीट वळत नाही, पण अंगठा आत वळतो, तेवढे पुरते.

मित्रांनो, घासाघीस करायला माझी ना नाही. जगात सगळेच घासाघीस करतात. विमानतळ करतात, विमान कंपन्या करतात, तुमची आईसुद्धा दुकानात करत असेल. पण एखादी वस्तू किंवा एखादा माणूस कुठेतरी खाली, दिसणार नाही असा, दुसऱ्याचे वजन धरून उभा असतो. त्याला काढून घेऊन जे वाचते ते वाचवू नका. आणि काढायची वेळ आलीच, तर आधी सांगा. माझ्या दादाने तेवढे एक सोडले होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ताई दिवे मालवते, पिशवी खांद्याला लावते आणि माझ्यापाशी येते. मला सरकवण्याआधी ती मागे वळून त्या मोकळ्या खोलीकडे बघते. टेबल असते, खुर्च्या असतात, दुसरे कोणी नसते. तरी ती रोज मोठ्याने सांगते, "ठोकळा काढतेय हं." मग थोडी थांबते. आणि मगच काढते.